रिओच्या कार्निव्हलची तिकिटे विकणाऱ्या दलालापासून सावध

रिओ दि जानेरोच्या कार्निव्हलला जायचा बेत असेल आणि कुणी तुम्हाला ‘ब्लोकोचे पास’ विकू पाहत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. ब्लोको म्हणजे गल्ल्यांतून, चौकांतून वाजतगाजत निघणारी मिरवणूक. रिओत रस्त्यावरच्या ब्लोकोला तिकीट नसते. १९१८ साली स्थापन झालेला ‘बोला प्रेता’ हा तिथला सर्वांत जुना आणि मानाचा ब्लोको. कार्निव्हलच्या शनिवारी सकाळी तो शहराच्या जुन्या भागात निघतो, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले कपडे घालून लाखो माणसे त्यात नाचतात, आणि कुणीही कुणाला पास विचारत नाही. आम्ही मात्र त्यासाठी पैसे मोजून आलो होतो, हातात रंगीत पट्टे बांधून.

२०२५ च्या कार्निव्हलला आम्ही चौघे गेलो: मी, बायको, तिचा भाऊ आणि म्हापशाचा आमचा मित्र. ज्याने आम्हाला गंडवले तो माणूस अस्खलित मराठी बोलत होता. मूळ डोंबिवलीचा, आता साओ पावलोत राहतो, असे त्याने सांगितले. त्याने बऱ्याच गोष्टी खऱ्याही सांगितल्या, आणि हेच मला सगळ्यांत घातक वाटते. ब्राझीलहून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होते, म्हणून आधीच टोचून घ्या, हे त्यानेच बजावले. व्हिसाची कागदपत्रे नीट समजावली. बायकोला ‘ताई’, मला ‘दादा’. “दादा, तुम्ही फक्त विमानात बसा, बाकी माझ्यावर सोडा.” इतकी खरी मदत केलेला माणूस तिकिटांच्या बाबतीत खोटे बोलेल, असा संशय कुणाला येणार?

पास हा प्रकार त्याने हवेतून काढला नव्हता, हे परत आल्यावर उमगले. ब्राझीलमध्येच साल्वादोर शहरात कार्निव्हलला ‘त्रिओ एलेत्रिको’ नावाचे प्रचंड ध्वनिवर्धक लावलेले ट्रक फिरतात. ट्रकभोवती दोर धरलेला असतो आणि दोराच्या आत नाचायचे तर ‘अबादा’ नावाचा त्या ब्लोकोचा टी-शर्ट विकत घ्यावा लागतो. दोराबाहेर नाचणे तिथेही फुकट. दलालाने साल्वादोरची ही रीत उचलली आणि रिओच्या नावावर आम्हाला विकली. साल्वादोरला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, तिथे नकली अबादा विकले जातात.

मोठा घाव बसला तो सांबाड्रोमच्या तिकिटांचा. ऑस्कर निमायरने आखलेला आणि १९८४ मध्ये खुला झालेला हा सुमारे सातशे मीटर लांबीचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या, त्यांचे क्रमांक घातलेले सेक्टर, आणि मधून सांबा शाळांचे, म्हणजे सांबा नाचाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मंडळांचे, चित्ररथ आणि हजारो नर्तक जातात. गोव्याच्या कार्निव्हलमध्ये राजा मोमो असतो तसा तिथेही असतो, त्यामुळे म्हापशाच्या मित्राला तर ही सगळी घरचीच गोष्ट वाटत होती. सांबाड्रोममध्ये बसायला मात्र तिकीट लागतेच. पायऱ्यांवर बहुतेक ठिकाणी जागा ठरलेली नसते, जो आधी येईल तो बसेल. पर्यटकांसाठीच्या सेक्टर ९ मध्ये क्रमांकाच्या जागा असतात, म्हणून तो महाग. आम्हाला रविवारचा सेक्टर ९ विकला होता. पास धरून चौघांचे एक लाख अठ्ठेचाळीस हजार. यूपीआयच्या दिवसाला एक लाखाच्या मर्यादेमुळे दोन दिवसांत दोन हप्ते घेतले. खाते एका बाईच्या नावावर होते. “बहिणीचे आहे, ब्राझीलला पैसे पाठवायचा तुमचा खर्च वाचतो.”

फसवणुकीच्या खुणा त्याच्या पीडीएफमध्येच होत्या, आणि त्या खुणांसाठीच मी हे लिहितो आहे. त्यात छापले होते: रविवार, सहा सांबा शाळा. २०२४ पर्यंत ते बरोबर होते, वरच्या गटाच्या बारा शाळा रविवारी आणि सोमवारी सहा-सहा अशा यायच्या. २०२५ पासून मिरवणुका रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्रींच्या झाल्या, रोज चार शाळा. म्हणजे तो जुनाच कागद तारीख बदलून विकत होता. दुसरी खूण याहून ठळक होती: सेक्टर ९ चे तिकीट, पण त्यावर ना रांग, ना खुर्चीचा क्रमांक. तिकिटांची अधिकृत विक्री लिएसा ही सांबा शाळांची संघटना ठरवून देते. तिच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा कार्यक्रम आणि सेक्टरचा नकाशा असतो. हातातला कागद त्याच्याशी ओळीने ओळ ताडून बघा.

प्रवेशद्वारावर आमचे चारही कोड लाल दिवा दाखवत होते. कर्मचारी मुलगी शांतपणे पुन्हा पुन्हा तपासत राहिली, मग तिने मान हलवली. मित्राला आजीकडून शिकलेले थोडे पोर्तुगीज येत होते, म्हणून एवढे तरी कळले की असे कोड त्यांच्या यंत्रणेत नाहीतच. दलालाचा फोन तोवर बंद झाला होता. बायको माझ्याकडे बघत राहिली. कित्येक महिने तिने मांगेइराची गाणी ऐकली होती, आणि त्या रात्री शेवटची शाळा मांगेइराच होती.

बाहेर आलो तर प्रेसिडेंट वार्गस या रुंद रस्त्यावर चित्ररथ आत जाण्यासाठी ओळीने उभे होते. इथे ते फुकट बघता येतात, आणि अगदी जवळून. मांगेइराच्या हिरव्या-गुलाबी पोशाखातली माणसे पिसारे सावरत, एकमेकांची बटणे लावत उभी होती. कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत सांबाड्रोममध्ये शाळांच्या रंगीत तालमी होतात, त्यांनाही प्रवेश मोफत असतो. आणि कार्निव्हल संपल्यावरच्या राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) स्पर्धेचा निकाल लागला की पुढच्या शनिवारी पहिल्या सहा शाळा पुन्हा येतात. यातले एक अक्षरही त्या माणसाने सांगितले नव्हते, कारण त्यात त्याला मिळण्यासारखे काही नव्हते.

तिथेच दुसरा फटका बसला. एका फेरीवाल्याकडून पाणी आणि पेये घेतली, अठ्ठेचाळीस रियाल झाले. कार्ड मशीनचा पडदा तडकलेला, आकडा धड दिसत नव्हता. गर्दीचा रेटा, कानठळ्या बसवणारे ढोल, त्याची घाई, आणि मेहुण्याने कार्ड टेकवून पिन दाबला. वायफायच्या आवाक्यात पोचल्यावर बँकेचा संदेश दिसला: चार हजार आठशे रियाल, म्हणजे सत्तर हजारांच्या वर रुपये. रिओत ही लबाडी इतकी चालते की हॉटेलवाल्याने ऐकताच पुढचे वाक्य स्वतःच पूर्ण केले. पडदा फुटलेला, झाकलेला किंवा अंधुक असेल तर कार्ड बाहेर काढू नका. कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका, बदलून परत देतात. रस्त्यावर सुटे रोख रियाल वापरा, आणि बँकेच्या ॲपमधून परदेशातल्या खर्चाची मर्यादा रोजच्या गरजेइतकीच ठेवा.

सकाळी लेब्लोन भागातल्या पर्यटक पोलीस ठाण्यात गेलो. तिथे विदेशी पर्यटकांच्या तक्रारी लिहून घ्यायची त्यांना सवय आहे. तक्रारीची प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका, आमची बँक पुढे प्रत्येक पायरीवर तीच मागत होती. बँकेला त्याच दिवशी कळवले आणि कार्ड बंद केले. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ग्राहकाची जबाबदारी किती धरायची हे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की नाही यावर बरेच अवलंबून असते. पिन दाबला होता म्हणून बँकेने आधी दाद दिली नाही. महिनोन्‌महिने पत्रव्यवहार झाला आणि ते पैसे परत आले.

यूपीआयचे पैसे आले नाहीत. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आम्ही कळवले तेव्हा ते खाते रिकामे झालेले होते. व्यवहारानंतर लगेच कळवले तर पैसे वाटेतच अडवता येतात, पण आम्हाला पत्ता लागला तो सांबाड्रोमच्या दारात. तक्रार अजून उघडी आहे. तीच पीडीएफ आता नव्या तारखेने आणि दुसऱ्या नावाने एका नातेवाइकाकडे आली. चित्र तेच, सहा शाळा त्याच, खुर्चीचा क्रमांक अजूनही नाही. तुमच्याकडे ती आली तर खाते क्रमांकासह १९३० वर कळवा.