पुस्तक एकच की आपापलं? मित्रमंडळींचा वाचनकट्टा सुरू करण्याआधी

चार वाचणारे मित्र एकत्र आले की कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "महिन्यातून एकदा भेटून पुस्तकांवर बोलूया की!" हरकत कुणाचीच नसते. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो, त्याला नाव काय द्यायचं यात आठवडा जातो, आणि तिसऱ्या महिन्यापासून ग्रुपवर सुप्रभातची फुलं तेवढी येत राहतात.

आमचा कट्टा असा दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा टिकला, त्यालाही आता सहावं वर्ष लागलंय. आम्ही आठ जण, ठाणे ते डोंबिवली पट्ट्यातले. आधीच्या दोन्ही वेळी पुस्तक कुठलं घ्यायचं यावर आम्ही तासन् तास वाद घातला. कट्टा कुठल्या पद्धतीने चालवायचा हे मात्र कुणी विचारलंच नाही. तुम्ही सुरू करणार असाल तर आधी तेवढं ठरवा. मुख्य पद्धती तीन आहेत. चौथी आम्हाला अपघाताने सापडली, तिच्याकडे शेवटी येतो.

सगळ्यांनी एकच पुस्तक

ही सगळ्यात अवघड पद्धत, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. दोघांनी तेच पुस्तक वाचलेलं असलं की भांडता येतं, आणि कट्ट्याची खरी मजा भांडणातच आहे. 'कोसला' ही 1963 सालची कादंबरी. आमच्याकडे ती घेतली त्या दिवशी एक जण म्हणाला, तिचा नायक, हा पांडुरंग सांगवीकर, नुसता रडका आहे. दुसरीने त्याला "तू कधी होस्टेलवर राहिलायस का?" असं विचारलं, आणि त्यानंतर दोन तास चहा गरम करायलाही कुणी उठलं नाही. पुस्तक आवडलं की नाही हा प्रश्न पाच मिनिटांत संपतो, हा प्रकार संपत नाही.

अडचण प्रतींची. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात, त्यामुळे जुनं काही हवं असलं की दुकानदार "आवृत्ती संपली" म्हणतो. वाचनालयात एखादी प्रत मिळते, ती आठ जणांत एका महिन्यात फिरणं शक्य नाही. अशा वेळी ग्रुपवर कुणीतरी स्कॅन केलेली पीडीएफ टाकतोच. लेखक हयात असो वा नसो, हक्क शिल्लक असतील तर ती टाकू द्यायची नाही, असा आमचा नियम आहे. पुस्तकांवर प्रेम म्हणून जमायचं आणि लेखकाच्या मानधनाला कात्री लावायची, हे काही बरं दिसत नाही.

यावर एक सोपी वाट आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचे हक्क संपतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2010 अखेर त्यांचं लेखन खुलं झालं. त्यामुळे 'श्यामची आई' वेगवेगळ्या प्रकाशकांकडून, स्वस्तातही मिळते. अर्थात आठ जणांकडे आठ आवृत्त्या येतात आणि "पान 84 बघ" म्हटलं की प्रत्येकाचं पान 84 वेगळं निघतं. त्या पुस्तकात तरी बेचाळीस रात्री आहेत, तेव्हा पान सोडून रात्र सांगायची. इतर पुस्तकांना प्रकरणाचा आकडा.

दुसरी अडचण लाजेची, आणि आमचा कट्टा पहिल्यांदा बंद पडला तो हिच्यामुळे. ज्याचं पुस्तक वाचून झालेलं नसतं तो "नाही वाचलं" असं सांगत नाही. त्याच्याकडे अचानक पाहुणे येतात. दोन महिने पाहुणे आले की तिसऱ्या महिन्यात तो माणूस ग्रुपवरही गप्प होतो. म्हणून दोन गोष्टी करा. एक, सुरुवातीचे सहा महिने दोनशे पानांच्या वर जाऊ नका. 'बनगरवाडी' सारखी छोटी कादंबरी नोकरी सांभाळूनही आठवड्यात होते. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांना हात लावायचा तो कट्ट्याला वर्ष झाल्यावर. दोन, न वाचता आलेल्यालाही चहा मिळेल, पण "शेवट सांगू नका" म्हणायचा हक्क त्याला नाही.

ज्यांना सलग मोठं वाचणं जमत नाही त्यांच्यासाठी 'युगांत' हे माझ्या माहितीतलं सगळ्यात सोयीचं पुस्तक. 1968 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेलं म्हणून घाबरू नका. महाभारतातल्या व्यक्तींवरचे ते स्वतंत्र लेख आहेत. गांधारी वाचून आलेला आणि कर्ण वाचून आलेला असे दोघेही बोलू शकतात, आणि महाभारत तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलंच असतं.

आपापलं पुस्तक

इथे प्रत्येकाने महिन्याभरात जे वाचलं त्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं. प्रतींची कटकट नाही, लाज नाही, कुणी इंग्रजी वाचतो, कुणी पाककृतींचं पुस्तक आणतो, सगळं चालतं. एखादा महिना चुकला तरी बिघडत नाही. म्हणूनच बहुतेक कट्टे ही पद्धत धरतात, आणि म्हणूनच ते हळूहळू बेचव होतात. समोरच्यांनी ते पुस्तक वाचलेलंच नसतं, तेव्हा ते मान डोलावतात, "छान वाटतंय, नाव पाठव" म्हणतात, आणि पुढच्याचा नंबर लागतो. आमच्या दुसऱ्या खेपेला वर्षाअखेर साठ-सत्तर पुस्तकांची यादी तयार झाली होती. त्यातली दोन कुणीतरी पुढे वाचली असतील.

तरीही दोन ठिकाणी मी हीच पद्धत सुचवेन. एक, माणसं दहाच्या वर असतील तर. दुसरं, दिवाळीनंतरच्या भेटीला. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढल्यापासून आपल्याकडे त्या महिन्याचं वाचन ठरलेलं आहे. आठ जणांनी आठ वेगळे अंक घ्यायचे, प्रत्येकाने आपल्या अंकातली एक कथा आणि एक लेख सुचवायचा, आणि उठताना अंकांची अदलाबदल करायची. फेब्रुवारीपर्यंत आठही अंक सगळ्यांकडून फिरून येतात. एकाचा तर चारशे रुपयांचा अंक वरणाचा डाग घेऊन परत आला होता, तेवढं चालायचंच.

पुस्तक भिशी

भिशी म्हटली की मराठी माणूस न चुकता हजर राहतो, या एका गुणावर ही पद्धत चालते. आठ जणांनी महिन्याला तीनशे रुपये काढायचे, चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याने चोवीसशे रुपयांची पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या भेटीत सगळ्यांना दाखवायची. आठ महिन्यांत प्रत्येकाची एकदा चैन होते, शिवाय एकदम खरेदी असल्याने दुकानदार सवलतही देतो. पण यातून वाढतं ते कपाट. वाचनही वाढेल याची हमी भिशी देत नाही. नोकरीला नुकते लागलेले किंवा शिकणारे मित्र ग्रुपमध्ये असतील तर तीनशेचा आकडा मोठ्याने सांगण्याआधी त्यांचा विचार करा. नाही कसं म्हणायचं म्हणून ते हो म्हणतात.

ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुस्तकं वर्षभर सगळ्यांना वाचायला द्यायची, ही अट घातलीत तर भिशी बरीच सुधारते. मग ते आठ घरांतलं एक छोटं वाचनालयच होतं.

गोष्ट तिथंच वाचायची

एका जुलैत पावसाने लोकल रखडल्या. जमलो फक्त चौघं, आणि पुस्तक एकाचंच झालेलं. करायचं काय म्हणून त्या घरातल्या कपाटातून एक कथासंग्रह काढला आणि त्यातली एक कथा आळीपाळीने मोठ्याने वाचली. चाळीस मिनिटांत कथा संपली, त्यानंतर दीड तास बोललो. घरच्या आजी आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि "त्या बाईने असं करायला नको होतं" म्हणाल्या. त्या दिवशीची सगळ्यात नेमकी टीका तीच होती.

या पद्धतीत घरचा अभ्यास नाही, प्रत एकच पुरते, पैसे शून्य. इंग्रजी माध्यमात शिकलेला, मराठी वाचायला अडखळणारा पण ऐकताना रंगून जाणारा मित्र आता जवळपास प्रत्येक गटात असतो. त्याला आत घ्यायची ही एकच खात्रीची वाट. कमतरता एवढीच की कादंबरीचा नाद यातून लागत नाही.

मग कुणी काय घ्यावं

तुम्ही पाच ते आठ जण असाल आणि निदान चौघं नेमाने वाचणारे असतील, तर एकच पुस्तक. नेमाने वाचणारे दोनच असतील तर वाचून दाखवण्यापासून सुरुवात करा. एकच पुस्तक सहा महिन्यांनी आपोआप मागायला लागाल. मुळात भेटणं हाच हेतू असेल आणि पुस्तक हे निमित्त, तर भिशी, आणि त्यात कमीपणा काही नाही. मित्र वेगवेगळ्या देशांत पांगलेले असतील तर ऑनलाइन भेटीला आपापलं पुस्तक बरं पडतं, कारण तिकडे मराठी प्रत पोचायलाच महिना जातो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, ते सोपं आहे. लंडनचा फरक उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच, तेव्हा मार्च आणि ऑक्टोबरअखेर वेळ पुन्हा एकदा सांगा, नाहीतर कुणीतरी तासभर एकटाच स्क्रीनकडे बघत बसतो.

पद्धत कुठलीही घ्या, दिवस मात्र पक्का ठेवा. "सगळ्यांना जमेल तो रविवार" कधीच येत नाही. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच, असं ठरलं की तिघंच आले तरी भेट होते. मुंबईकरांनी शनिवारच धरावा, रविवारी दुपारी मेगाब्लॉक असतो.

जागेचं म्हणाल तर घर. हॉटेलात दोन तास बसलं की वेटर बिल घेऊन घिरट्या घालतो. पण घरी भेटायचं तर खाण्यावर मर्यादा आधीच घाला. आमच्याकडे पहिल्या घरी चहा-बिस्किटं होती, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी साबुदाणा वडे, आणि पाचव्या घरच्या मैत्रिणीने बासुंदी केली. सहाव्या महिन्यात ज्याची पाळी होती त्याच्याकडे पाहुणे आले. तेव्हापासून चहा आणि एकच कोरडा पदार्थ.