माटी की किंदळ? गोव्याच्या रानातले टर्मिनालिया

हिरडा, बेहडा आणि अर्जुन ज्या टर्मिनालिया कुळगटात मोडतात, त्याच गटातले माटी (म्हणजे आपला ऐन) आणि किंदळ हे दोन वृक्ष मोले, खोतीगाव, नेत्रावळी या पानझडी रानांत एकमेकांशेजारी वाढतात. बागायतीच्या कडेला वा ओसाड डोंगरउतारावर यांपैकी कोणता लावावा, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो.

माटी हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे. त्याची काळपट साल खोल भेगांनी मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची होते आणि तिच्या जाडीमुळे उन्हाळी वणव्याची धग त्याला बरीच सोसते. पान उलटे केले, तर तळाशी मधल्या शिरेजवळ ग्रंथी दिसतात. फळाला साधारण सारख्या आकाराचे पाच पंख असतात. टसर रेशमाचे किडेही याच्या पाल्यावर पोसले जातात.

किंदळाचे फळ मात्र वेगळे असते: एक पंख मोठा, दोन लहान. माटी पावसाळ्याच्या तोंडाशी फुलते, तर किंदळाचा बहर पाऊस ओसरताना येतो. पुढे पंखधारी फळांचे घोस फांद्यांच्या टोकांना इतके दाटतात की अख्खा शेंडा तांबूस दिसू लागतो. माझ्या मते पश्चिम घाटाच्या पायथ्याशी त्या दिवसांत याहून देखणे झाड नाही.

वणव्याचा धोका असलेल्या उतारावर मी माटीच निवडीन. जिथे आग पोहोचत नाही, तिथे किंदळही लावावा आणि शक्यतो रोपे जवळच्या रानातल्या बियांपासूनच करावीत.