तीन मजली कंपोस्ट माठ: वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यातील एका रोपवाटिकेतून आणलेला तीन मजली मातीचा कंपोस्ट माठ आमच्या घरी वर्षभर वापरात आहे. बाजूंना भोके असलेली, एकावर एक बसणारी तीन मडकी आणि वर झाकण एवढीच त्याची रचना. वरचे मडके भरले की ते खाली जाते आणि रिकामे वर येते. मातीतून जास्तीचा ओलावा निघून जातो, हवा खेळती राहते, त्यामुळे ओला कचरा नासत नाही, शांतपणे कुजतो. साधारण दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येते.

तरीही सुरुवातीला माठ जवळजवळ रिकामाच होता, आणि त्यात माठाचा दोष नव्हता. तो शयनगृहाच्या गॅलरीत होता. तिथवर जाणे रोज ‘रात्री बघू’ म्हणून राहून जाई आणि साचलेल्या साली शेवटी कचऱ्याच्या गाडीत जात. मग तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत हलवला आणि संध्याकाळच्या चहाशी त्याची सांगड घातली. चोथा गाळणीतच नळाखाली धुवायचा, कारण साखरेला मुंग्या लागतात. तो माठात झटकायचा, पाठोपाठ दिवसभराच्या साली आणि देठ, वर मूठभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. चहा आमच्याकडे एकही दिवस चुकत नाही, म्हणून माठही चुकेनासा झाला. दिवाळीत गावी गेलो असताना सासूबाई चहा गाळून झाल्यावर सवयीने गाळणी घेऊन मागच्या दाराशी गेल्या होत्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही आढळले. आम्हालाही जवळपास तेवढेच दिवस लागले, म्हणून नव्याने माठ घेणाऱ्यांनी पहिल्या दोन महिन्यांत धीर सोडू नये.

उणिवा दोन. भरलेले मडके एकट्याने उचलणे ज्येष्ठांना जमण्यासारखे नाही. शिवाय सोबत मिळालेले कोकोपीट तीन आठवड्यांत संपले आणि ते संपल्यावर काय वापरावे, हे विक्रेत्याने सांगितले नव्हते. त्या आठवड्यात दुर्गंधी सुटली. वाळलेला पालापाचोळा चुरून घातला तरी काम भागते. माठ घेणार असाल तर उन्हाळ्यात सोसायटीच्या आवारात पडणाऱ्या पानांचे एक पोते आधीच भरून ठेवा आणि ते माठाच्या शेजारीच, हाताला लागेल असे ठेवा.