बिल्डिंगमध्ये दुसरं फायबर घेतलं, 8 महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात कळंब्यात आमचं 24 फ्लॅटचं अपार्टमेंट. चार वर्षं इथं एकच इंटरनेटवाला, का तर बिल्डरनं ताबा द्यायच्या आधीच डक्ट (वायरी वर न्यायची बिल्डिंगमधली वाट) त्यांना देऊन टाकलेला, दुसरं कोण केबल घेऊन आलं की वॉचमन गेटवरनंच परत पाठवायचा. ओएनटीवर (घरात फायबर जोडलेला डबा) लाल लाइट लागला की तीन-चार दिवस गेलेच म्हणून समजायचं, फोन केला की "येतोय की दादा" एवढंच. गेल्या पावसाळ्यात सलग सहा दिवस बंद, बायकोचं वर्क फ्रॉम होम आहे, ती लॅपटॉप घेऊन रोज राजारामपुरीत बहिणीकडं जात होती. लई राग यायचा. आम्ही दुसरीकडं जाणारच नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, मग घाई कशाला करतील.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगला विषय घेतला. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, चार जण आले की भिंती फोडतील, वायरी लोंबतील, आणि ते काही चुकीचं नव्हतं. म्हणून ठरावात लिहूनच घेतलं की डक्ट सोसायटीचा, येईल त्यानं डक्टमधनंच केबल न्यायची, पार्किंगमधल्या बॉक्सवर नाव टाकायचं, आणि एकट्याचा हक्क कुणाचाच नाही.

दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, कारण लाइन ओढणारा आणि दुरुस्तीला येणारा बहुतेक वेळा लोकल पार्टनर असतो, बीएसएनएलच्या फायबरचं पण बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. त्यामुळं तुमच्या गल्लीत पार्टनर कोण ते आधी विचारा, जाहिरात नंतर बघा.

नवीन कनेक्शन द्यायला 11 दिवस लावले, ते मला पटलं नाही. पण काम बघण्यासारखं केलं. जिन्यात बसून त्या पोरानं केसाएवढी काच सोलली, पुसली, कापली, मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली, स्क्रीनवर ती जुळताना दिसली, एक ठिणगी आणि झालं. मग घरात वायरीतनं येणाऱ्या प्रकाशाची पॉवर मोजून दाखवली, उणे 21 डीबीएम. उणे 27 च्या खाली गेली की लाइन त्रास देणार म्हणाला, आणि सोफ्यामागं पिवळी वायर दुमडू नका म्हणून दोनदा बजावलं.

प्लॅन 100 एमबीपीएसचा, 599 रुपये, जीएसटी धरून 706.82. लॅपटॉपला वायर लावून 94 मिळतं, रात्री 9 ला पण तेवढंच, जुन्याचं त्या वेळेला 20 वर यायचं. मागच्या बेडरूममध्ये वायफाय कमी पडतं, 5 गीगाहर्ट्झ दोन भिंतींपलीकडं नीट पोचत नाही, तिथं 2.4 वरच ठेवलंय. लाइट गेली की नेट जातं, ओएनटीला छोटा यूपीएस घ्यावा लागला.

तक्रार तोंडी करू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, तोडगा नाही निघाला तर कंपनीच्या अपील ऑथॉरिटीकडं फुकट जाता येतं. नवीन फ्लॅट बघत असाल तर बिल्डरला डक्टचं विचाराच. ट्रायनं (टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2024 मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग द्यायचे नियम काढलेत, पण ते ऐच्छिक आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जुनंच ठेवलंय. परवा त्यांच्याकडं लाल लाइट लागला, तर माणूस दोन तासांत दारात.