फोनेटिक की इनस्क्रिप्ट: ‘ळ’ने लावलेला निकाल

आजीची पाककृतींची वही संगणकावर उतरवायला घेतली तेव्हा मी फोनेटिकवाला होतो. रोमन अक्षरांत शब्द टाकायचा, मराठी शब्दांची यादी आली की हवा तो उचलायचा, ही दहा वर्षांची सवय. वही संपत आली तोवर इनस्क्रिप्टवाला, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराची ठरलेली कळ दाबून लिहिणारा, झालो होतो. थोडंफार मराठी लिहावं लागणारे ओळखीतले लोक आता विचारतात, हात कशावर बसवू? त्यांच्यासाठी हे लिहितोय. घड्याळ लावून वेग मोजलेला नाही. जे सांगतोय ते एका वहीपुरतं आणि त्यानंतरच्या वर्षभरापुरतं.

फोनेटिकची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. शिकावं लागत नाही. रोमन कीबोर्ड येणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून मराठी लिहिता येतं. माझी मावसबहीण जर्मनीत असते. तिच्या लॅपटॉपवर देवनागरी खुणा कुठून असणार? तरी ती मावशीला रोज मराठीत दोन ओळी पाठवते, ते फोनेटिक आहे म्हणूनच. ज्यांचं शिक्षण इंग्रजीत झालं आणि मराठी कानाने आलं, त्यांना तर हा मोठा आधार आहे. तो काढून घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही.

फोनेटिकमध्येही दोन जाती आहेत. एक नियमाने चालते: मोठा एल म्हणजे ‘ळ’, मोठा एन म्हणजे ‘ण’, जे दाबाल ते येतं. दुसरी अंदाजाने चालते: तुम्ही कसंही लिहा, ती शब्द ओळखून दाखवते. बहुतेकांच्या हातात आज ही दुसरी आहे, माझ्याही होती. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

आजीच्या वहीत ओळी असायच्या अशा: ‘दोन वाट्या तांदूळ, वाटीभर गूळ, केळीच्या पानावर थापणे.’ रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ दोघेही एलवर, ‘न’ आणि ‘ण’ एनवर, ‘त’ आणि ‘ट’ टीवर, ‘द’ आणि ‘ड’ डीवर. मग वाटी लिहायला जावं तर शेजारी वाती, गूळ लिहावा तर गुल, केळी लिहावीत तर केली, मूळ लिहावं तर मूल. स्वयंपाकाच्या मराठीत ‘ळ’ किती आहे ते मला तेव्हा कळलं: तांदूळ, डाळ, गूळ, तीळ, नारळ, केळी, कुळीद, तिरफळ. पानागणिक पाच-दहा वेळा.

शब्द चुकीचा येतो, ही माझी मुख्य तक्रार नाही. हवा तो शब्द यादीत बहुधा असतोच, पहिला नाही तर तिसरा. कटकट ही, की तो कितवा आहे ते बघायला प्रत्येक शब्दाला नजर यादीकडे न्यावी लागते. डोळे वहीत, मग यादीत, मग पडद्यावर, मग वहीत परत आपली ओळ शोधायची. स्वतःच्या मनातलं लिहितानाही हेच होतं: वाक्य डोक्यात तयार असतं, आणि ते पूर्ण उतरायच्या आत तीनदा निवड करायला थांबावं लागतं. असं थांबत लिहिलेली वाक्यं आखूड होत जातात, निदान माझी तरी होत होती.

आणि मग दमलेला माणूस पहिला शब्द घेऊन पुढे जातो. आजीचं माहेर मालवणकडचं. ती ‘वायच मीठ’ लिहायची, ‘थोडं मीठ’ नाही. ‘वायच’ यादीत नव्हता. प्रत्येक वेळी अक्षरं फिरवून तो काढावा लागायचा. दहा-बारा पानांनंतर मी ‘थोडं’ लिहायला लागलो होतो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एका संध्याकाळी आईला वाचून दाखवत होतो. तिने ऐकलं आणि म्हणाली, “पदार्थ तेच आहेत रे, पण ही आईची भाषा नाही.” त्या रात्री मी टाइप केलेली पानं वहीशी पुन्हा ताडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी इनस्क्रिप्ट सुरू केलं.

इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली, १९९१च्या भारतीय मानकातही ती आली. पाहताना भीती वाटते, पण आत एक शिस्त आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, डीवर; दोन व्यंजनांमध्ये तो दाबला की जोडाक्षर तयार. ‘ल’ एनवर आहे आणि ‘ळ’ त्याच कळीवर शिफ्टसह. माझा निम्मा त्रास या एका कळीने संपला. बोटाने ‘ळ’ दाबला की ‘ळ’च येतो, बघायला जावं लागत नाही.

‘ऱ’चंही तसंच. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ जेवर, ‘ऱ’ शिफ्ट-जेवर. शिफ्ट-जे, डी आणि ‘य’ची कळ, की ‘ऱ्य’ झालं.

पहिले आठ-दहा दिवस मात्र जड जातात. एका ओळीला पाच मिनिटं लागल्याचं आठवतं. ‘न’ आणि ‘ण’ एका कळीवर नाहीत, ‘न’ व्हीवर आणि ‘ण’ शिफ्ट-सीवर, तिथे मी महिनाभर चुकलो. साधारण तिसऱ्या आठवड्यात नजर वहीवरून हलेनाशी झाली. त्यानंतरची पानं मी आधीच्या पानांपेक्षा खूप लवकर उरकली असं माझं मत आहे.

‘ॲ’ ही इनस्क्रिप्टची खरी दुखरी जागा आहे. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक वापरतात त्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीची सवय असलेले लोक ‘अ’वर चंद्र देऊन तो बनवतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ती वेगळी अक्षरं, त्यामुळे एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. लिहिण्यात इंग्रजी शब्द खूप असतील तर आपल्या कीबोर्डवर हा ‘ॲ’ कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

खासगीपणाचा मुद्दा बरेच जण विचारतात. बाहेरून घेतलेला कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड फोन सांगतोच, की हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेला सगळा मजकूर, पासवर्डसकट, गोळा करू शकतो. तो इशारा इनस्क्रिप्टच्या ॲपलाही तितकाच लागू आहे, तेव्हा फोनवर या बाबतीत मला दोघांत फार फरक दिसत नाही. संगणकावर मात्र दिसतो. इनस्क्रिप्टला अंदाज बांधायचाच नसतो, म्हणून त्याला तुमचे शब्द शिकायची किंवा कुठे पाठवायची गरज पडत नाही. घरातली पत्रं, आजारपणाच्या नोंदी असलं काही उतरवणार असाल तर मी हे वजनात धरेन.

फोनवर मी अजूनही फोनेटिक वापरतो. इतक्या लहान पडद्यावर इनस्क्रिप्टच्या कळा दाटीवाटीने येतात आणि अंगठा शेजारच्या कळीवर पडतो. निरोप, वाढदिवसाच्या शुभेच्छा, गटातल्या गप्पा एवढंच तुमचं मराठी लेखन असेल तर बदलायची गरज नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण पानभर सलग लिहायचं असेल, किंवा दुसऱ्या कुणाचं लिहिणं जसंच्या तसं उतरवायचं असेल, तर तीन आठवडे सोसा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट मिळतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. २०१९पासून शेजारी फोनेटिकचा पर्यायही असतो, निवडताना नीट नाव वाचा. सरावाला वर्तमानपत्राचा उतारा घेऊ नका, घरातल्या कुणाच्या हातचं एखादं पान घ्या. ‘वायच’ला चार कळा लागतात: बी, ई, स्लॅश, सेमीकोलन.