ट्रेझर हंट: चार दरवाज्यांत की कमाटीबागेकडे?

वडोदऱ्यात पाहुणे आले की त्यांच्या हातात चिठ्ठ्या देऊन इमारती शोधायला लावायचा आमच्या घरचा खेळ. रस्ते दोन. एक चार दरवाज्यांतला, म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहरातला, लहेरीपुरा दरवाज्याहून मधल्या मांडवी या कमानदार मंडपावरून पाणीगेट दरवाज्यापर्यंत. दुसरा कीर्तिमंदिर (गायकवाड राजघराण्याचं स्मारक), बडोदा कॉलेजचा घुमट आणि कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग.

चिठ्ठ्या लिहायला बसलं की दुसरा सरस वाटतो. कीर्तिमंदिराच्या (१९३६) शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा कोरलेली पृथ्वी आहे. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. कॉलेजचा घुमट इंग्रज वास्तुकार रॉबर्ट चिझमचा, त्यावरून बिजापूरच्या गोल घुमटाकडे गप्पा वळतातच. झाडं आहेत, बसायला बाकं आहेत.

पण हा रस्ता फाटकांचा. इमारत आवाराच्या पार आत, तुम्ही कुंपणाबाहेर. खिडकीवरची नक्षी ओळखायची तर जवळ जायला हवं, आणि जवळ जावं तर पहारेकरी उठतो, ‘शुं काम छे?’ यावर ‘कमानी मोजायच्यात’ हे उत्तर कुणाला पटत नाही. एका आवारात तर आमची मंडळी ओळखपत्रं दाखवत राहिली आणि पुढच्या चिठ्ठीचा उत्साहच गेला. तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल तर गोष्ट वेगळी.

चार दरवाज्यांत सगळं रस्त्यावरच मांडलेलं. मांडवीच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी. मोजा, कुणी विचारत नाही. लहेरीपुऱ्यातून बाहेर पडलं की न्यायमंदिर (१८९६). त्याची आमची चिठ्ठी अशी: ‘बांधली भाजीबाजारासाठी, दिली खटल्यांना.’ इथलेच जुने लोकही यावर डोकं खाजवतात. तांबेकर वाडा रावपुऱ्यात, म्हणजे हद्दीबाहेर, पण भिंतींवरच्या चित्रांसाठी तेवढी सूट आम्ही घेतो.

त्रास इथेही आहे. मान वर करून चाललं की मागून स्कूटर येते आणि हॉर्न थांबत नाही. पाच-सहा वर्षांची मुलं किंवा गुडघे धरलेल्या आत्या बरोबर असतील तर कमाटीबागच बरी, असं मीही म्हणेन. बाकीच्यांना मी मांडवीकडे नेतो. फक्त सकाळी लवकर निघा. दुकानं उघडली की साड्या आणि पिशव्या बाहेर लटकतात, आणि चिठ्ठीत लिहिलेला लाकडी खांब त्यांच्यामागे जातो.