केवळ आवाजावर चालणारे वर्ग: कॉन्फरन्स कॉलवरील सामूहिक शिक्षणाचे परीक्षण

टेलिफोनवर कॉन्फरन्स कॉल जोडून घेतले जाणारे सामूहिक वर्ग ही कल्पना, व्हिडिओवरच्या वर्गांची सवय झालेल्या वाचकांना कदाचित कालबाह्य वाटेल. अशा एका सेवेचे दोन वर्ग मी पूर्ण केले. त्यांपैकी एक सामूहिक वाचनाचा होता आणि दुसरा फ्रेंच भाषेचा प्राथमिक वर्ग होता. या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की वाचन, चर्चा आणि ऐकण्याचा सराव यांसाठी फोन अतिशय योग्य माध्यम आहे. मात्र वर्ग चालवणाऱ्या व्यक्तीला बोलण्याच्या पाळ्या सांभाळता आल्या पाहिजेत. ते कौशल्य नसेल, तर लाइन कितीही स्वच्छ असली तरी वर्गाचा विचका होतो.

सहभागी होण्याची पद्धत सोपी आहे. ठरलेल्या वेळी दिलेला क्रमांक फिरवायचा, ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली की पिन क्रमांक आणि त्यानंतर हॅशची कळ दाबायची, विचारल्यावर आपले नाव सांगायचे, की आपण वर्गात दाखल होतो. त्यासाठी ॲप लागत नाही, कॅमेरा लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. ज्यांना घराबाहेर पडणे अवघड आहे, ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा ज्यांच्याकडे नेटची रेंज भरवशाची नाही, अशा व्यक्तींना या वर्गांत इतरांच्या बरोबरीने बसता येते. माझ्या वाचनवर्गात दृष्टिहीन सहभागी होते आणि ते ब्रेलमधून वाचत आहेत हे त्यांनी स्वतः सांगेपर्यंत कोणालाही कळले नव्हते. ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९६५ मध्ये डॉक्टरांच्या पुढील शिक्षणासाठी राज्यभर टेलिफोनवरून वर्ग सुरू केले होते. गावोगावच्या डॉक्टरांना आपले काम सोडून विद्यापीठात येणे शक्य नव्हते, ही त्यामागची अडचण आजच्या अनेकांच्या अडचणीसारखीच आहे.

वाचनवर्गाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या सेवेचे खरे सामर्थ्य तिथे दिसले. आम्ही आठ-दहा जण होतो. पहिल्याच दिवशी मार्गदर्शिकेने प्रत्येकाला एका कागदावर वर्तुळ काढायला सांगितले आणि घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे त्यावर सर्वांची नावे ठरावीक क्रमाने लिहून घेतली. त्यानंतर प्रत्येक फेरी त्याच क्रमाने होत असे. आपल्या आधी कोण आणि आपल्यानंतर कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे कोणी कोणाचे बोलणे तोडत नसे. बोलण्यापूर्वी आपले नाव सांगायचे आणि बोलून झाल्यावर ‘माझे झाले’ असे स्पष्टपणे म्हणायचे, हे दोन नियम सुरुवातीला थोडे कृत्रिम वाटले. परंतु काही दिवसांतच ते इतके अंगवळणी पडले की एखाद्याने ‘माझे झाले’ म्हटले नाही, तर बाकीचे शांतपणे वाट पाहत राहत आणि पुष्कळदा त्या थांबण्यातूनच त्याला आणखी काही सुचत असे.

पाळीला एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपल्यावर दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत जाणारा वेळ अतिशय थोडा असतो. दहा भाषांतील संभाषणे तपासणाऱ्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळला होता. फोनवर आवाज पोहोचायलाच वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बहुतेक संभाषणांना त्याचा त्रास होत नाही आणि ४०० मिलिसेकंदांच्या वर तो जाता कामा नये. मोबाइलवरून मोबाइलवर जाणारा कॉल मध्ये कॉन्फरन्स यंत्रणेतून फिरून येतो, तेव्हा हा विलंब सहज जाणवू लागतो. दोन जण एकाच वेळी बोलायला लागतात, दोघेही थांबतात, दोघेही ‘तुम्ही बोला’ म्हणतात आणि पुन्हा दोघेही एकदमच सुरू करतात. कागदावरच्या त्या वर्तुळाने हा सगळा घोळ जवळजवळ संपवला. तंत्रज्ञानाची उणीव वर्ग घेणाऱ्या व्यक्तीच्या शिस्तीने भरून काढता येते, याचे इतके चांगले उदाहरण मी अन्यत्र पाहिलेले नाही.

या वर्गातील दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे शांततेची हाताळणी. फोनवर चेहरा दिसत नसल्याने शांतता पसरली की लाइन कट झाली की काय, अशी शंका येते आणि कोणीतरी ‘हॅलो, हॅलो’ सुरू करते. आमची मार्गदर्शिका प्रश्न विचारल्यावर ‘आता आपण अर्धा मिनिट विचार करू, मी लाइनवर आहे’ असे सांगत असे. एवढ्या एका वाक्याने शांतता सुसह्य होत असे आणि उत्तरांचा दर्जा वाढत असे. कोणी काय नेसले आहे, कोणाच्या मागे कोणते कपाट आहे, आपण स्वतः पडद्यावर कसे दिसतो, यांपैकी काहीही समोर नसल्याने लक्ष सगळे मजकुराकडे राहते. एखादा परिच्छेद वाचताना कोणाचा आवाज कुठे कापरा झाला, कोण स्वल्पविरामाशी थांबले आणि कोण तसेच पुढे गेले, हे मला आठवड्यागणिक अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले.

फ्रेंचच्या वर्गाबाबत माझे मत संमिश्र आहे आणि त्याचे कारण आवाजाच्या तांत्रिक मर्यादांत आहे. पारंपरिक टेलिफोन साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पुढे पाठवतो. ‘स’ या ध्वनीची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते आणि ‘फ’चा घर्षणध्वनीही उंच पट्ट्यापर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे फोनवर हे दोन ध्वनी एकमेकांसारखे ऐकू येतात. फ्रेंचमध्ये ‘फू’ म्हणजे वेडा आणि ‘सू’ म्हणजे जुने किरकोळ नाणे. नवशिक्याला संदर्भ ठाऊक नसतो, त्यामुळे हा भेद फोनवर कानांनी पकडणे फार अवघड जाते. मराठीत आपण अडचण आली की ‘सशातला स’ आणि ‘फणसातला फ’ असे सांगून वेळ मारून नेतो. नव्या भाषेत तेवढा शब्दसंग्रहच हाताशी नसतो. ओठांचा चंबू करून उच्चारायचा स्वर शिकवताना शिक्षिकेला ‘ओठ शिट्टी वाजवण्याच्या तयारीत ठेवा आणि जीभ ई म्हणताना असते तिथेच राहू द्या’ असे शब्दांत सांगावे लागले. वर्णन अचूक होते, पण आरशात पाहून केलेला सराव आणि समोर दिसणारे शिक्षिकेचे ओठ यांची जोड नसल्याने तो स्वर साधायला वेळ लागला. काही फोन आणि नेटवर्क सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवू शकतात, त्याला एचडी व्हॉइस म्हणतात. परंतु वाटेतली संपूर्ण साखळी त्या क्षमतेची असेल तरच त्याचा लाभ मिळतो आणि कॉन्फरन्स यंत्रणा जुनी असेल तर तिथेच आवाज पुन्हा अरुंद होतो.

असे असूनही आकड्यांचा सराव मात्र या वर्गात विलक्षण चांगला झाला. फ्रेंचमध्ये ९७ म्हणायचे तर ‘चार वीस दहा सात’ अशा रचनेने म्हणावे लागते. शिक्षिका टेलिफोन क्रमांक वेगाने सांगत, आम्ही लिहून घेत असू आणि मग क्रमाक्रमाने परत वाचून दाखवत असू. परकी भाषा फोनवर समजणे हे समोरासमोर समजण्यापेक्षा कठीण असते, कारण हावभाव, ओठ आणि परिस्थिती यांची मदत नसते. त्याच कठीण स्थितीत सुरुवातीपासून सराव झाल्याने कान तयार होतात. शिवाय फ्रेंच शब्दांत न उच्चारली जाणारी अक्षरे पुष्कळ असतात; आधी ऐकून मग लिहिण्याची सवय लागल्याने अक्षरे पाहून चुकीचा उच्चार पक्का होण्याचा धोका आमच्या बाबतीत कमी झाला. ज्यांना थोडी भाषा येते आणि ऐकण्याचा पाया मजबूत करायचा आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. अगदी पहिल्या धड्यापासून शिकणाऱ्यांनी उच्चारांसाठी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओची काही सत्रे सोबत घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या गोष्टी सर्वांनी एकाच वेळी करायच्या आहेत, त्या मात्र या माध्यमाला पेलत नाहीत. फ्रेंचच्या एका तासाला एक गाणे सर्वांनी मिळून म्हणण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येकाचा विलंब वेगळा असल्याने दुसऱ्या ओळीपर्यंत सगळे एकमेकांच्या मागे-पुढे झाले आणि अनेक कॉन्फरन्स यंत्रणा सर्वांत मोठ्या दोन-तीन आवाजांनाच पुढे सोडत असल्याने बाकीचे तर ऐकूच येईनात. त्यापेक्षा एकाने म्हणावे आणि इतरांनी आपापली लाइन म्यूट करून साथ द्यावी, हे योग्य.

सेवेबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार म्यूटच्या व्यवस्थेची आहे. आलेला दुसरा कॉल घेण्यासाठी एका सहभागीने वर्गाचा कॉल होल्डवर ठेवला आणि त्यांच्या लाइनवरचे होल्डचे संगीत सगळ्या वर्गाला ऐकू येऊ लागले. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे सांगूनही उपयोग नव्हता. मार्गदर्शिकेकडे एखादी ठरावीक लाइन बंद करण्याची सोय असायला हवी होती. या सेवेत ती नव्हती, सर्वांना एकदम म्यूट करण्याचीच होती. परिणामी त्या दिवशी वाचन अर्धवट राहिले. स्पीकरफोनवरून सहभागी होणाऱ्यांमुळेही असाच त्रास होतो: खोली घुमते, पंख्याची घरघर सतत येत राहते आणि बोलणाऱ्याच्या शब्दांची सुरुवात कापली जाते. तोंडाजवळ माइक असलेला साधा वायरचा हेडफोन वापरला, तर हे जवळपास सगळे टळते. ही सूचना सेवेने नोंदणीच्या वेळीच लेखी द्यावी.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी हे वर्ग सोयीचे नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ओठ वाचता येत नाहीत, अक्षरांतील मजकूर समोर येत नाही आणि अनेकांचे कमी-जास्त पातळीचे आवाज सलग ऐकणे थकवणारे असते. चांगले ऐकू येणाऱ्यांनाही पाऊण तासानंतर कानांवर ताण जाणवतो. त्यामुळे दीड तासाचा फ्रेंचचा वर्ग मध्ये विश्रांती देऊन दोन भागांत घ्यावा, असे मला वाटते. पिन क्रमांक सर्व वर्गांना एकच ठेवल्याने आधीच्या वर्गातील मंडळी कधीकधी आमच्या वर्गात राहून जात, तीही सुधारण्याजोगी बाब आहे. आपल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण होत आहे का, याची घोषणा आमच्या वर्गात प्रत्येक वेळी होत असे आणि आक्षेप असेल त्याच्यासाठी ते थांबवलेही जाई, हे मात्र मनापासून वाखाणण्यासारखे होते.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना काही गोष्टी अवश्य विचाराव्यात: एका गटात किती जण असतील, वर्ग घेणारी व्यक्ती सत्रभर एकच राहील का, तिला एकेक लाइन म्यूट करता येते का आणि दिलेला क्रमांक आपल्या फोनच्या योजनेत समाविष्ट आहे की त्याचे शुल्क वेगळे पडेल. गट बाराच्या वर असेल तर वाचनवर्गात पाळी यायला इतका वेळ लागतो की लक्ष विचलित होते. अशा वेळी लहान गटाची वाट पाहिलेली बरी.